चौथे ऋण

मनुष्य जन्मास येतो तो डोक्यावर ऋणे घेऊनच येतो, असे आपल्या पूर्वजांचे मत होते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणाने यांच्या जोडीस एक चौथे ऋणही सांगितले आहे, ते मनुष्यऋण. आपल्या दारी आलेल्या माणसास आश्रय आणि अन्न देऊन ते फेडावयाचे. हे चौथे ऋण पुढे मागे पडले. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते, हे आपण पाठ केले. ज्यांचे नावगावही आपणांस ठाऊक नाही अशा सामान्य माणसांचे आपण काही देणे लागतो, ही गोष्ट मात्र आपल्या स्मरणातून बहुतेक गेली.

वैद्यकाचा इतिहास वाचताना ही विस्मृती विशेष जाणवते. तो बहुधा वैद्यांचा इतिहास असतो. अमक्याने रोगास नाव दिले, तमक्याने शस्त्रक्रिया केली, तिसऱ्याने औषध शोधले आणि चौथ्यास नोबेल पारितोषिक मिळाले, असा तो दिग्विजयाचा वृत्तान्त! ज्याच्या देहावर हे सारे रण माजले तो रोगी तेथे एखाद्या आद्याक्षरापुरता किंवा वयाच्या आकड्यापुरता येतो आणि जातो. प्रस्तुत निबंधात मेंदूच्या तळाशी असलेल्या एका चिमुकल्या ग्रंथीचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. परंतु वैद्यांच्या बरोबरीने रोग्यांसही त्यात त्यांचे आसन मिळावे, असा आमचा हेतू आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. आमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे आमचे एक स्नेही आहेत. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी एके वर्षी त्यांच्या बोटात अडकून बसली आणि शेवटी सोनाराकडून कापून काढावी लागली. सासुरवाडीचे सोने अंगी लागले, म्हणून आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली. पुढे त्यांची पादत्राणे लहान पडू लागली, आवाज जड व घोगरा झाला, खालच्या दातांत फटी पडल्या. वयोमान म्हणून त्यांनी ते सोडून दिले. आणि आम्ही त्यांस रोज पाहणारे, त्यामुळे आम्हांस काही दिसलेच नाही. अखेर बारा वर्षांनी परदेशाहून आलेली त्यांची धाकटी बहीण दारातच थबकली आणि म्हणाली, "दादा, तुझा चेहरा असा का रे झाला?" दुसऱ्या दिवशी ती त्यांस डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी प्रथम काय मागितले असेल? त्यांच्या लग्नातील छायाचित्र! ते छायाचित्र आणि समोरचा मनुष्य यांच्याकडे आळीपाळीने पाहून त्यांनी निदान केले. रक्ततपासणीने व एम.आर.आय.ने ते खरे ठरविले. मेंदूच्या तळाशी बोराएवढी गाठ होती. ती नाकावाटे काढण्यात आली, आठवड्याच्या आत आमचे स्नेही घरी आले, आणि उरलेल्या अंशासाठी आता ते महिन्यास एक इंजेक्शन घेतात. भेटीस गेलो तेव्हा ते म्हणाले, "एक फोटो पाहून त्यांनी ओळखले हो! पण एवढे ओळखता यावे म्हणून आजवर कोणाकोणाला काय काय भोगावे लागले असेल?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

ज्या ग्रंथीविषयी हे सारे चालले आहे तिला आपण पीयूषिका म्हणतो. आकाराने ती वाटाण्याएवढी, वजनाने सुमारे अर्ध्या ग्रॅमची. कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, अस्थीची एक खोलगट जागा आहे. तिचा आकार खोगिरासारखा दिसतो म्हणून शरीरशास्त्रज्ञांनी तिला तुर्की खोगीर असे नाव दिले आहे. त्या खोगिरावर ही ग्रंथी स्वार असते. शरीराची वाढ, प्रजनन, मातेचे दूध, थायरॉइड व अधिवृक्क ग्रंथींचे कार्य या सर्वांचे लगाम तिच्या हाती असतात.

तिच्या पाश्चात्त्य नावाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मेंदूत साठलेला कफ गाळून नाकात सोडणारी ही एक मोरी आहे, असे गेलनचे मत होते. त्या मतास अनुसरून सोळाव्या शतकात व्हेसेलियसने लॅटिन भाषेतील कफवाचक शब्दावरून तिचे नाव ठेवले. सतराव्या शतकात जर्मनीत श्नायडरने आणि इंग्लंडात रिचर्ड लोअरने नाकातील शेंबूड मेंदूतून येत नाही असे सिद्ध केले. मत गेले, नाव मात्र राहिले. आपल्या भाषेत पारिभाषिक शब्द बनविणाराने ध्वनिसाम्य साधून कफाचे पीयूष केले. पीयूष म्हणजे अमृत हे तर खरेच. परंतु नुकत्याच व्यालेल्या गाईच्या चिकासही संस्कृतात पीयूष म्हणतात. स्तनात दूध उत्पन्न करणारे संप्रेरक याच ग्रंथीतून निघते, हे ध्यानी घेता मोरीच्या पदावरून तिला एवढ्या मानाच्या पदावर बसविणाराच्या रसिकतेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

आता आमच्या कथेच्या पहिल्या पुरुषाकडे वळू. चार्ल्स बर्न हा उत्तर आयर्लंडातील एका खेड्यात १७६१ साली जन्मला. तो इतका वाढला की, विशीच्या आतबाहेर असतानाच त्याचे शरीर हेच त्याच्या उपजीविकेचे साधन झाले. १७८२ साली तो लंडनला आला. अडीच शिलिंग देऊन लोक त्यास पाहावयास येत. जाहिरातीत त्याची उंची आठ फुटांच्या वर सांगत. त्याच्या सांगाड्यावरून पाहता ती सुमारे सात फूट सात इंच असावी. लोकांचे कौतुक लौकरच ओसरले. साठविलेले सुमारे सातशे पौंड एका रात्री मद्यगृहात चोरीस गेले. १ जून १७८३ रोजी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो मरण पावला.

मरणापूर्वी त्यास एकच भय होते. लंडनातील शरीरविच्छेदक आपल्या प्रेतावर टपून बसले आहेत, हे तो जाणून होता. म्हणून त्याने आपल्या स्नेह्यांस सांगितले की, आपणांस शिशाच्या पेटीत बंद करून समुद्रात खोल बुडवावे. परंतु त्या काळचा प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर याने प्रेत नेणाऱ्यांस पैसे चारून ते हस्तगत केले. पाचशे पौंड दिले असे सांगतात. आकडा काही असो. देह कढईत उकळून अस्थी वेगळ्या करण्यात आल्या, आणि काही वर्षांनी सांगाडा हंटरच्या संग्रहालयात उभा राहिला. रेनॉल्ड्स या चित्रकाराने हंटरचे जे चित्र काढले आहे त्यात विचारमग्न हंटरच्या मागे वरच्या कोपऱ्यात दोन लांबलचक पायांची हाडे लोंबताना दिसतात, ती बर्नची. परक्या नगरीत पाहुणा म्हणून आलेल्या या पोरास जिवंतपणी अन्न मिळाले तेही तमाशाचे, आणि मेल्यावर आश्रय मिळाला तोही काचेच्या कपाटाचा!

तरुणपणी लंडनला जाण्याचा योग आला असता आम्हीही ते संग्रहालय पाहिले होते. त्या सांगाड्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. एवढी उंची कशी असू शकते, याचे आम्हांस नवल वाटले. त्याने शेवटी काय मागितले होते, हा प्रश्न मात्र त्या दिवशी आमच्या मनात आला नाही. अडीच शिलिंग देऊन आत शिरणाऱ्या त्या लंडनकरांच्या रांगेत आम्हीही एक होतो, हे आज कबूल केले पाहिजे.

येथे एक प्रश्न विचारणे अवश्य आहे. एवढ्या खटाटोपाने मिळविलेल्या या अस्थींनी शास्त्रास काय शिकविले? हंटर थोर निरीक्षक होता यात शंका नाही. परंतु त्याच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात शंभर वर्षे तो सांगाडा मुका उभा राहिला. हजारो लोकांनी त्याची उंची डोळ्यांनी मापली. बर्न इतका का वाढला, याचे उत्तर त्याच्या कवटीच्या तळाशीच होते आणि तेथे पाहण्याचे कोणास सुचले नाही.

उत्तराचा पहिला धागा सापडला तो एका जिवंत रोगिणीच्या कहाणीत. १८८६ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात पिएर मारी या तरुण वैद्याने दोन स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे हात, पाय व चेहरा प्रौढपणी विचित्र रीतीने वाढले होते. मारीने त्या रोगास ॲक्रोमेगाली, म्हणजे अग्रावयवांची वृद्धी, असे नाव दिले. पुढल्याच वर्षी मिंकोव्हस्कीने अशा रोग्यांत पीयूषिका वाढलेली असते, याकडे लक्ष वेधले. तरी वाद संपेना. ग्रंथी मेल्यामुळे देह वाढतो, की ती माजल्यामुळे? हाडे वाढतात तशी ग्रंथीही वाढते, की ग्रंथी वाढते म्हणून हाडे वाढतात? कारण कोणते आणि कार्य कोणते, हा तर्कशास्त्रातला जुनाच पेच येथे माणसाच्या प्राणाशी गाठ घालून उभा होता.

हा पेच सोडविण्यास लागणारी कल्पना दुसरीकडे सिद्ध होत होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ साली असे दाखविले की, आतड्यातून निघणारा एक पदार्थ रक्तावाटे स्वादुपिंडाकडे जाऊन त्यास पाचकरस सोडावयास लावतो. त्यास मज्जातंतूंची मध्यस्थी लागत नाही. १९०५ साली स्टार्लिंगने अशा पदार्थांस हॉर्मोन हे नाव दिले. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चालना देणे, आणि आपला संप्रेरक हा शब्दही तोच अर्थ सांगतो. शरीरात मज्जातंतूंच्या तारायंत्राबरोबर रक्तप्रवाहाचे एक टपालही चालते, हे आता उघड झाले. मग पीयूषिका फाजील टपाल पाठवीत असली तर?

याची परीक्षा शस्त्रानेच होणार होती. इंग्लंडात व्हिक्टर हॉर्स्ली याने या ग्रंथीच्या गाठींवर कवटी उघडून शस्त्रक्रिया केल्या. १९०७ साली इन्सब्रुक येथे श्लोफरने प्रथमच नाकाच्या मार्गाने जाऊन अशी गाठ काढली; त्याचा रोगी थोड्याच आठवड्यांनी दगावला. १९०८ साली व्हिएन्नात होखेनेग याने ॲक्रोमेगालीच्या एका रोग्याची गाठ काढली, तेव्हा वाढलेले अवयव उतरू लागले. ग्रंथी माजल्यानेच देह वाढतो, या पक्षाचे पारडे जड झाले. जो निकाल मेलेल्या महाकायाने शंभर वर्षांत दिला नाही, तो आपला देह विश्वासाने शस्त्राखाली ठेवणाऱ्या एका रोग्याने दिला.

१९०९ हे वर्ष या इतिहासात संस्मरणीय आहे. त्या वर्षी अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग याने बाल्टिमोर येथे ॲक्रोमेगाली झालेल्या एका शेतकऱ्यावर नाकाच्या मार्गाने यशस्वी शस्त्रक्रिया केली. आणि त्याच वर्षी लंडनच्या संग्रहालयात बर्नची कवटी उघडण्यात आली, तेव्हाही हाच कुशिंग तेथे होता. संग्रहालयाचे व्यवस्थापक आर्थर कीथ यांच्यासह त्याने आत पाहिले. तुर्की खोगीर मोठे, पसरलेले होते. म्हणजे तेथे एके काळी गाठ होती. बर्नच्या मृत्यूला तेव्हा १२६ वर्षे झाली होती. वाचकांनी येथे क्रम ध्यानात घ्यावा. अस्थींनी ज्ञान दिले नाही. जिवंत रोग्यांकडून मिळालेले ज्ञान घेऊन कोणी तेथे गेला, तेव्हा अस्थींनी नुसती मान डोलाविली.

कुशिंगचे चरित्र या विषयात मध्यवर्ती आहे. १९१२ साली त्याने पीयूषिकेच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात तेवीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत आहे: बुटकी, पोट सुटलेले, चेहरा गोल, अंगावर केस, पाळी बंद, डोके दुखणारे. हे काय आहे, हे त्यास तेव्हा नीट कळले नाही. ते कोडे त्याने वीस वर्षे मनाशी बाळगले आणि १९३२ साली तशा बारा रोग्यांची हकीकत जुळवून, पीयूषिकेतील अगदी लहान गाठी हे त्याचे कारण असल्याचे प्रतिपादिले. त्या रोगास आज कुशिंगचे नाव आहे. रोगास नाव वैद्याचे पडते. रोग मात्र रोग्याचाच राहतो.

तथापि या मनुष्याविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो या शोधापेक्षा एका लहानशा पत्रामुळे आहे. मेरी ॲन बेव्हन ही लंडनमधील परिचारिका. लग्नानंतर तिला ॲक्रोमेगाली जडली, चेहरा विद्रूप झाला. १९१४ साली पती वारला आणि पदरी चार मुले राहिली. मुलांच्या पोटासाठी ती जगातील सर्वांत कुरूप स्त्री म्हणून तमाशात उभी राहिली, आणि १९२० पासून न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर तिला पाहण्यास लोक पैसे देऊ लागले. १९२७ साली अमेरिकेतील टाइम या साप्ताहिकात सर्कशीच्या वृत्तान्तात तिची थट्टा छापून आली. तेव्हा कुशिंगने संपादकांस पत्र लिहिले की, ज्या स्त्रीस आपण हसता ती ॲक्रोमेगाली या क्रूर रोगाची बळी आहे. जगप्रसिद्ध शस्त्रवैद्याने तमाशातील एका बाईसाठी लेखणी उचलावी, ही गोष्ट लहान खरी. परंतु बर्नच्या अस्थींपासून या पत्रापर्यंत वैद्यकाने जे अंतर काटले होते, ते कोणत्याही शस्त्रक्रियेहून कमी नव्हते.

नाकाच्या मार्गाची पुढील कथा एखाद्या संगीत घराण्यासारखी आहे. १९१० ते १९२५ या काळात कुशिंगने त्या मार्गाने २३१ शस्त्रक्रिया केल्या. शेकडा ५·६ रोगी दगावले, आणि त्या काळी हे प्रमाण फार थोडे होते. पुढे मात्र त्याने स्वतःच तो मार्ग सोडून कवटी उघडण्याची रीत पत्करली आणि गुरूमागून बहुतेक सर्व शिष्य गेले. एडिंबरोचा नॉर्मन डॉट हा त्याचा एक शिष्य तेवढा जुन्या चिजेस धरून बसला. १९५६ साली पॅरिसच्या गिओने ती त्याच्याकडून उचलली. गिओपासून मॉन्ट्रियलच्या ज्यूल हार्डीने घेतली. हार्डीने १९६० च्या दशकात तीस सूक्ष्मदर्शकाची जोड दिली, तेव्हा निरोगी ग्रंथी राखून आतली काही मिलिमीटरांची गाठ टिपणे शक्य झाले. शतकाच्या अखेरीस दुर्बीण आली. आमच्या स्नेह्यांच्या नाकातून जे सूक्ष्म हत्यार आत गेले, ते अशा चार हातांतून आले होते. मध्ये एक हात सुटता, तर ती चीज बहुधा लुप्तच झाली असती.

शस्त्राची कथा येथे थांबवून औषधाकडे वळू. कारण महिन्याच्या इंजेक्शनाचा उगम वेगळा आहे. पीयूषिका सर्वांवर राज्य करते खरी, परंतु ती स्वतः कोणाच्या आज्ञेत असते? तिच्या वरच मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. त्याच्यापासून निघणारी संप्रेरके बारीक रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेत उतरतात व तिच्यावर हुकमत चालवितात, असा सिद्धान्त इंग्लंडात जेफ्री हॅरिसने विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला. तो सिद्ध करण्यास ते पदार्थ हाती यावयास हवे होते. गिलमॅं व शॅली या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी, एकाने मेंढ्यांच्या व दुसऱ्याने डुकरांच्या लक्षावधी मेंदूंचे कण खाटीकखान्यांतून जमवून, वर्षानुवर्षे हे काम केले, आणि १९६९ साली पहिल्या अशा संप्रेरकाची रचना उलगडली. अवघ्या तीन अमिनो आम्लांची ती साखळी होती! १९७७ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा अर्धा वाटा रोझलिन यॅलो या विदुषीस, रक्तातील संप्रेरकांचा अत्यल्प अंशही मोजण्याच्या पद्धतीबद्दल, देण्यात आला.

१९७३ साली गिलमॅंच्या प्रयोगशाळेत वाढीचे संप्रेरक सुटावयास लावणारा पदार्थ शोधीत असता, ते रोखून धरणारा पदार्थच हाती लागला. त्याचे नाव सोमॅटोस्टॅटिन. ॲक्रोमेगालीवर जणू उतारा सापडला. पण तो रक्तात काही मिनिटेच टिकत असे. बाझलच्या सांडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी त्याची टिकाऊ प्रतिकृती बनविली. चौदा दुव्यांची साखळी आठ दुव्यांवर आणून १९८२ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. तीच ऑक्ट्रिओटाइड. हिचा उपयोग दुसऱ्या एका जातीच्या गाठींवरही झाला. आतड्यात व स्वादुपिंडात संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या गाठी होतात. म्युनिकच्या ओबर्नडॉर्फरने १९०७ साली त्यांपैकी काहींस कार्सिनॉइड, म्हणजे कर्करोगसदृश, असे नाव दिले होते. पुष्कळ अशा गाठींवर सोमॅटोस्टॅटिन ओळखणारी कुलपे असतात, असे आढळले. मग त्याच किल्लीस किरणोत्सारी द्रव्य बांधून ते थेट गाठीपर्यंत पोचविण्याची युक्ती निघाली. ल्युटेशियमयुक्त अशा औषधास युरोपात २०१७ साली व अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली.

आणि वाढ सुटावयास लावणारा तो मूळ पदार्थ? खाटीकखान्यांतून आणलेल्या मेंदूंनी जो हट्टाने लपविला, तो १९८२ साली दोन रोग्यांनी दिला. त्या दोघांस ॲक्रोमेगाली होती. परंतु त्यांच्या रोगाचे मूळ पीयूषिकेत नव्हते, स्वादुपिंडातील गाठीत होते. एक रोगी फ्रान्समधील, दुसरी अमेरिकेतील एक तरुणी. त्यांच्या गाठींत तो पदार्थ विपुल भरला होता. त्यांतून दोन प्रयोगशाळांनी तो स्वतंत्रपणे वेगळा केला. शास्त्रज्ञांची नावे ग्रंथांत आहेत. त्या दोघांचे नाव गाठ एवढेच आहे.

या इतिहासाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. पीयूषिका दुबळी असलेल्या मुलांची वाढ खुंटते. जनावरांचे वाढ-संप्रेरक माणसास लागू पडत नाही. म्हणून बोस्टनच्या मॉरिस रेबन याने मृत माणसांच्या पीयूषिकांतून ते काढले व १९५८ साली त्याने एका मुलाची उंची वाढल्याचे दाखविले. मग देशोदेशी शवगृहांतून ग्रंथी गोळा होऊ लागल्या. कित्येक ठिकाणी, बर्नच्या आयर्लंडातसुद्धा, मृताच्या आप्तांस विचारलेही गेले नाही. हजारो मुलांस लाभ झाला. परंतु १९८५ साली असे उघडकीस आले की, काही ग्रंथींतून मेंदू पोखरणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा असाध्य रोग मुलांच्या शरीरात शिरला होता. तो वर्षानुवर्षे दबा धरून राही. जगभर दोनशेहून अधिक तरुण त्याने नेले. त्याच वर्षी बहुतेक ठिकाणी ती औषधे बंद झाली आणि जनुकतंत्राने बनविलेले निर्भेळ संप्रेरक आले. विचारून घेतलेल्या ग्रंथीत रोग नसता असे आम्ही म्हणत नाही. रोगास संमतीचे सोयरसुतक नसते. परंतु जेथे माणसाचा देह नुसता कच्चा माल समजून गोळा होतो, तेथे तो कोणाचा, कसा, कोठून आला हे विचारण्याची सवयही सुटते, एवढे खास.

बर्नच्या अस्थींची कथा अजून संपली नाही. मे १९४१ मध्ये जर्मन बाँबनी संग्रहालयाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, त्यातूनही त्या बचावल्या. २०११ साली मार्ता कोर्बोनिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्नच्या दातांतून जनुकद्रव्य काढून असे दाखविले की, त्याच्यात एआयपी या जनुकाचा एक दोष होता, आणि तोच दोष उत्तर आयर्लंडातील आजच्या चार कुटुंबांतही आहे. ५७ ते ६६ पिढ्यांपूर्वीच्या एका समान पूर्वजापासून तो आला असावा. हा दोष असलेल्या प्रत्येकास रोग होतोच असे नाही. पण तो आहे हे कळले तर लहानपणीच लक्ष ठेवता येते, आणि एखाद्या मुलाचे बर्न होणे टळते. याहून मोठे उपकार कोणते?

हाच आधार घेऊन कित्येक म्हणतात की, हंटरने केले तेच योग्य केले. बर्नची इच्छा पाळली असती तर हे ज्ञान समुद्रात बुडाले असते. युक्तिवाद वजनदार आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. या जनुकाचा रोगाशी संबंध प्रथम उघडकीस आला तो २००६ साली, फिनलंडमधील जिवंत कुटुंबांच्या अभ्यासातून. आयर्लंडातील चार कुटुंबांतील दोषही त्यांच्याच रक्तात होता, आणि ते रक्त त्यांनी आपण होऊन दिले. बर्नच्या दातांनी त्या कुटुंबांस त्यांच्या इतिहासाशी जोडले, ही अमूल्य गोष्ट होय. परंतु उपचाराची वाट त्याच्या अस्थींवाचून अडली नव्हती. मारीच्या दोन स्त्रिया, होखेनेगचा रोगी, कुशिंगचा शेतकरी, १९८२ मधील ते दोघे, फिनलंडमधील ती घराणी, ही सारी परंपरा विश्वासाने दिलेल्या देहांची आहे. चोरून आणलेला देह मात्र सव्वाशे वर्षे मुका राहिला. ज्ञान लाभले म्हणून चोरीचे दान होत नाही. आणि या प्रकरणी तर ज्ञानही बहुतांशी दानातूनच लाभले.

२०११ सालीच नीतिशास्त्राचे एक प्राध्यापक आणि एक विधिज्ञ यांनी वैद्यकीय नियतकालिकात अशी मागणी केली की, बर्नला आता तरी समुद्रात विसर्जित करावे. २०१७ साली संग्रहालय डागडुजीसाठी बंद झाले. २०२३ साली पुन्हा उघडले तेव्हा त्याचा सांगाडा प्रदर्शनात नव्हता. तो संशोधनासाठी राखून ठेवण्यात आला आहे. तमाशा संपला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु काचेच्या कपाटातून बंद खोलीत जाणे म्हणजे समुद्रात जाणे नव्हे. जनुकद्रव्य वाचून झाले आहे. यापुढे त्या अस्थींपासून जे मिळेल त्याचे पारडे एका माणसाच्या एकुलत्या एक मागणीहून जड ठरेल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्याकडे मृताच्या इच्छेस घर आणि शेत यांच्याबाबत जो मान आपण देतो, तो त्याच्या स्वतःच्या देहाबाबत नाकारण्याचे कारण काय?

आमच्या स्नेह्यांकडे परत येऊ. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांच्यापुढे एक छापील कागद आला होता. काढलेल्या गाठीचा अंश संशोधनासाठी ठेवण्यास आपली हरकत आहे काय, असे त्यात विचारले होते. नाही म्हटल्यास उपचारात काही फरक पडणार नाही, असेही खाली लिहिले होते. त्यांनी तो दोनदा वाचला, आणि सही केली. ते आम्हांस म्हणाले, "कागद तसा साधाच होता. पण वाटले, आपल्याला विचारले तरी!"

त्या साध्या कागदापर्यंत येण्यास सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली आहेत. बर्नला कोणी विचारले नाही. त्याने न विचारता सांगितले, तरी कोणी ऐकले नाही. चौथे ऋण आश्रय आणि अन्न देऊन फेडावे, असे ब्राह्मणकाराने सांगितले. चार्ल्स बर्नला अन्नाची गरज आता उरली नाही. आश्रय त्याने कोठे मागितला होता, हे सर्वांस ठाऊक आहे. आणि तो समुद्र लंडनपासून फारसा दूर नाही.